डोळे मिटून नक्की काय करायचे?

आमच्या शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटे सर्व वर्गांनी डोळे मिटून शांत बसावे असा नियम झाला, आणि त्याच आठवड्यात विज्ञान-कोपऱ्यातील प्रश्नपेटी भरून वाहू लागली. एरवी तिच्यात महिन्याला पाच-सहा चिठ्ठ्या पडतात. त्याही बहुधा परग्रहावरच्या जीवांविषयी, नाहीतर नागमण्याविषयी. या वेळी साऱ्या चिठ्ठ्या एकाच विषयावर होत्या. 'डोळे मिटून नक्की काय करायचे?' 'श्वास मोजायचा की देवाचे नाव घ्यायचे?' 'डोळे उघडे ठेवले तर चालतील का?' 'मनात दुसरेच विचार येतात, म्हणजे माझे चुकते का?' 'झोप लागली तर ते ध्यान धरायचे का?' आठवीतल्या एका मुलाने तर विचारले होते, 'योगी हृदय बंद करतात हे खरे का, आणि बंद केल्यावर ते परत चालू कोण करते?' यातला दुसरा प्रश्न आम्हांला पहिल्यापेक्षा अधिक शास्त्रीय वाटला.

शिक्षकखोलीत चिठ्ठ्या वाचताना प्रथम हशा झाला आणि मग सारे गप्प झाले, कारण उत्तरे द्यायची कोणी? आमच्यातल्या एका बाई इगतपुरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेल्या. त्यांचे उत्तर 'श्वासाकडे पाहायचे, दुसरे काही नाही' हे. एक ज्येष्ठ सर नित्यनेमाने नामजप करतात. त्यांच्या मते नामावाचून नुसते बसणे म्हणजे वेळ फुकट. तिसऱ्यांच्या मते हे सगळेच थोतांड, त्यापेक्षा दहा मिनिटे पाढे म्हणवून घ्यावेत. प्रत्येकाचे उत्तर ठाम होते आणि प्रत्येकाचे आपापल्या अनुभवापुरतेच होते.

म्हणून आम्ही जरा शोध घेतला. हे प्रश्न नवशिक्यांचे असले तरी नवे नाहीत. त्यांतले काही दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथांत आहेत, आणि गेल्या शंभर वर्षांत त्यांतले बरेचसे प्रयोगशाळेतही जाऊन आले आहेत. तेथे त्यांचे काय झाले, ती हकीकत विज्ञान शिकवणाऱ्याने वाचण्यासारखी आहे. तिच्यात चांगल्या माणसांच्या हातून झालेल्या चुका पुष्कळ आहेत.

जुनी उत्तरे

डोळ्यांचाच प्रश्न घ्या. गीतेच्या सहाव्या अध्यायात नाकाच्या शेंड्याकडे दृष्टी ठेवायला सांगितले आहे. म्हणजे डोळे पुरते मिटलेले नाहीत. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात या वर्णनाचा मोठा विस्तार आहे. जपानमधील झेन परंपरेत साधक अर्धवट उघड्या डोळ्यांनी बसतो आणि सोतो पंथात तर भिंतीकडे तोंड करून बसतो. इगतपुरीच्या शिबिरात मात्र डोळे मिटायला सांगतात. मन आवरत नाही ही तक्रारही जुनीच. अर्जुनाने ती त्याच अध्यायात केली आहे, आणि त्याला मिळालेले उत्तर अभ्यास आणि वैराग्य हे आहे. 'तुझे चुकते आहे' असे त्याला कोणी म्हटलेले नाही.

'माझ्यासाठी कोणती पद्धत?' या प्रश्नाचे सर्वांत पद्धतशीर उत्तर आम्हांला सापडले ते 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथात. इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोष या भिक्षूने तो रचला. त्यात ध्यानाचे एकूण ४० विषय दिले आहेत, माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार सांगितले आहेत, आणि कोणत्या स्वभावाला कोणता विषय मानवेल हेही नोंदवले आहे. ज्याचे मन सदा तर्कवितर्कात गुंतलेले असते त्याला श्वास सुचवला आहे. श्वास मोजायचा तर किती आकड्यांपर्यंत? पाचापेक्षा कमी नको आणि दहापेक्षा जास्त नको. कारणही दिले आहे. पाचाच्या आत थांबले तर मन अरुंद गोठ्यात कोंडलेल्या गुरांसारखे धडपडते, आणि दहाच्या पुढे गेले तर ते श्वास सोडून आकड्यालाच चिकटते. हे लिहिणाऱ्याने बऱ्याच नवशिक्यांना शिकवले असावे असे वाचताना वाटत राहते.

हा ग्रंथ नागरी लिपीत आपल्यापर्यंत आणला तो एका गोमंतकीयाने. सांखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत गेले. पुढे याच ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातही गेले. त्यांनी संपादित केलेली नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईत भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली.

ही जुनी उत्तरे बारीक निरीक्षणातून आलेली आहेत यात शंका नाही. पण गोठा आणि गुरे यांची उपमा पटली तरी पाचाऐवजी तीन मोजणाऱ्याचे खरोखर काय होते, हे कोणी दोन गट करून पाहिलेले नव्हते. ती रीत फार उशिरा आली.

हृदय थांबते का?

योगाभ्यासाला उपकरणे लावण्याचा पहिला मोठा उद्योग आपल्या महाराष्ट्रात झाला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्याआधी ते खानदेशात अमळनेरला शिक्षणकार्यात होते. म्हणजे मूळचे आपल्याच पेशातले. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी क्ष-किरणांचा आणि दाबमापकाचा उपयोग केला. नौली करताना आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि म्हणूनच बस्तीच्या वेळी पाणी वर ओढले जाते, असे त्यांना आढळले. मोठा दावा नाही, गूढ भाषा नाही. पारा किती उतरला तेवढे सांगितले आहे. पुढच्या साऱ्या गोंधळाच्या पार्श्वभूमीवर हे काम आम्हांला फार स्वच्छ वाटते.

हृदयाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. १९३५ साली तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ बाई सोबत नेता येईल असे हृदयालेखाचे यंत्र घेऊन भारतात आल्या. काही योगाभ्यासींच्या हृदयाचा आलेख त्यांनी घेतला. एका नोंदीत आलेखाच्या लाटा इतक्या खुज्या झाल्या होत्या की माणूस इच्छेने हृदयाची क्रिया जवळजवळ बंद करू शकतो असा त्यांचा ग्रह झाला. ही बातमी जगभर गेली. आमच्या आठवीतल्या मुलापर्यंत ती अजून पोचते आहे, यावरून तिचा वेग आणि आयुष्य यांची कल्पना यावी.

बावीस वर्षांनी, १९५७ मध्ये, वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून यंत्रे घेऊन आले. त्यांच्या जोडीला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ बाळकृष्ण आनंद होते. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात भुकेचे नियंत्रण करणारे केंद्र असल्याचे ब्रोबेक यांच्यासह १९५१ साली दाखवणारे आनंद हेच. या तिघांनी हृदयावर ताबा असल्याचे सांगणाऱ्या चार जणांची तपासणी केली. त्यांतील एक जण ब्रॉस यांच्या पाहणीतलेही होते.

काय आढळले? मनगटावरची नाडी खरोखर लागेनाशी होत होती. स्टेथोस्कोपमधून ठोके ऐकू येणेही कमी होत होते. पण हृदयालेख चालूच होता, एक ठोकाही थांबला नव्हता. खोल श्वास घ्यायचा, कंठ बंद करायचा आणि छाती व पोटाचे स्नायू आवळून जोराने कुंथायचे, अशी ती क्रिया होती. त्यामुळे छातीतला दाब वाढतो, शिरांतून हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि हृदय बिचारे जवळजवळ रिकामेच आकुंचन पावत राहते. रक्तच कमी फेकले गेले तर नाडी लागणार कशी? ठोक्यांचा आवाज आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात बुडतो. ब्रॉस यांच्या खुज्या लाटांचाही उलगडा होऊ शकतो. खोल श्वास धरला की छातीत हृदयाची बैठक किंचित बदलते, आणि एखाद्या जोडणीवर आलेख लहान दिसतो. दुसऱ्या जोडणीवर तोच आलेख चांगला मोठा असू शकतो. चौघांपैकी एकाने मात्र काही ठोक्यांपुरता हृदयाचा वेग खरोखर मंदावून दाखवला, हेही त्या तिघांनी प्रामाणिकपणे नोंदवले. १९६१ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला.

(मुलांना ही क्रिया करून पाहू देऊ नये. मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर कमी पडून भोवळ येऊ शकते.)

ब्रॉस बाईंनी खोटे काही केले नव्हते. त्यांनी एक आलेख पाहिला आणि तो दुसऱ्या कशाशी ताडून पाहिला नाही, एवढेच. पुढेही हेच वारंवार घडणार होते.

दिल्लीचे योगी, टोकियोचे भिक्षू

हृदयापेक्षा ध्यानाशी अधिक जवळचा अवयव मेंदू. जर्मनीत येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्याच्या त्वचेवरून मेंदूतील विद्युत्-हालचालीची पहिली नोंद घेतली आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. हाच ईईजी. माणूस डोळे मिटून स्वस्थ, पण जागा बसला की आलेखात सेकंदाला ८ ते १३ या वेगाच्या ठसठशीत लाटा येतात. त्यांना अल्फा लहरी म्हणतात. डोळे उघडले किंवा कसला आवाज झाला की त्या लहरी मोडतात आणि त्या जागी बारीक, जलद खरखर दिसू लागते. लक्ष कशाकडे तरी वेधले गेल्याची ही खूण आहे असे समजू.

आता वर्गातला एक अनुभव आठवा. बाहेर कोणी भिंतीत खिळा ठोकू लागला की पहिल्या ठोक्याला सारा वर्ग माना वळवतो. दुसऱ्याला निम्मा वर्ग वळवतो. दहाव्या ठोक्याला कोणी ढुंकूनही पाहत नाही, कान सरावतात. ईईजीमध्येही हे सरावणे दिसते. एकसारखी टिकटिक ऐकवली तर पहिल्या काही वेळा अल्फा लहरी मोडतात, मग मोडण्याचा काळ कमी कमी होत जातो.

दिल्लीत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ साली समाधीचा अभ्यास करणाऱ्या चार योग्यांच्या ईईजीचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोघांना त्यांनी ध्यानाच्या आधी आणि ध्यान चालू असताना मुद्दाम त्रास दिला. प्रखर प्रकाश टाकला, मोठा आवाज केला, तापलेली काचनळी टेकवली, नादकाटा लावला. ध्यानाआधी या प्रत्येकाने अल्फा लहरी मोडल्या. ध्यानात मात्र कशानेच मोडल्या नाहीत. दुसऱ्या दोघांनी ४ अंश सेल्सियसच्या पाण्यात हात पाऊण तासाहून अधिक वेळ ठेवला, तरी अल्फा लहरी चालूच राहिल्या. या निबंधात नवशिक्यांविषयीही एक टिपण आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. ज्यांच्या आलेखात मुळातच अल्फा लहरी ठळक होत्या त्या नवशिक्यांना साधनेची गोडी अधिक दिसली.

टोकियोत कासामात्सु आणि हिराई यांनी १९६६ साली झेन साधकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २४ ते ७२ वर्षे वयाच्या ४८ साधकांच्या नोंदी घेतल्या होत्या. डोळे उघडे असूनही या साधकांच्या आलेखात अल्फा लहरी आल्या. मुरलेल्या साधकांत त्या आणखी मंद होत गेल्या. मग त्यांतल्या मोजक्या गुरूंना ठरावीक अंतराने टिकटिक ऐकवली. सामान्य माणसाचे कान चार-सहा वेळांत सरावले. झेन गुरूंच्या अल्फा लहरी मात्र प्रत्येक टिकटिकीला दोन-तीन सेकंद मोडत राहिल्या. विसावी टिकटिकही जणू पहिलीच.

योगी जगाचे दार लावून घेतो, तर झेन भिक्षू दार सताड उघडे ठेवतो आणि कशालाही सरावत नाही, असे चित्र त्यातून तयार झाले. १९७० च्या दशकात मानसशास्त्राच्या पुस्तकांतून ते सर्वत्र पसरले. दोन पद्धती, दोन मेंदू. आम्हीही ते कधीतरी वाचले होते आणि वर्गात सांगितलेही होते. ते फार सुबक होते. दोन्ही परंपरा स्वतःविषयी जे सांगतात त्याच्याशीही ते तंतोतंत जुळत होते. एवढे जुळल्यावर खरे तर आम्हांला शंका यायला हवी होती.

जरा बारकाईने पाहा. दिल्लीत दोन माणसे, टोकियोत मोजकी. दिल्लीत तापलेली नळी आणि मोठा आवाज, टोकियोत टिकटिक. उपकरणे, नोंदी वाचणारे, तुलनेला घेतलेली माणसे, सारेच निराळे. एकाच खोलीत, एकाच यंत्रावर, एकच टिकटिक दोन्ही प्रकारच्या साधकांना कोणी ऐकवली नव्हती. त्यातच दास आणि गास्तो यांनी १९५५ साली योगाभ्यासींच्या मेंदूत ध्यानाच्या वेळी लहरी मंदावण्याऐवजी जलद झाल्याचे नोंदवले होते. ती नोंद या सुबक चित्रात बसत नव्हती म्हणून मागे पडली.

ती सरळ तुलना १९८१ साली बेकर आणि शापिरो यांनी केली. झेन, योग आणि भावातीत ध्यान अशा तीन पद्धतींचे अनुभवी साधक त्यांनी घेतले. जोडीला साधना न करणाऱ्यांचे दोन गट. एका गटाला टिकटिकीकडे नीट लक्ष द्यायला सांगितले, दुसऱ्याला दुर्लक्ष करायला सांगितले. मग सर्वांना १५ सेकंदांच्या अंतराने तीच टिकटिक. पाचही गट सारखेच सरावले. योग्यांच्या लहरी मोडल्या, झेनवाल्यांच्या मोडायच्या कमी झाल्या, आणि गटागटांत फरक दिसला नाही.

यावरून दिल्ली आणि टोकियोच्या नोंदी खोट्या ठरल्या असे म्हणता येणार नाही. बेकर आणि शापिरो यांच्याकडचे साधक काही वर्षांचे होते, आयुष्य घालवलेले गुरू नव्हते. पण 'पद्धत बदलली की मेंदूचे वागणे असे असे बदलते' हे वर्गात ठामपणे सांगण्याचा हक्क मात्र त्या दिवशी गेला. आम्ही तो त्यानंतरही बरीच वर्षे वापरत होतो, हे कबूल केलेले बरे.

नुसते बसले तर?

महर्षी महेश योगी यांच्या भावातीत ध्यानाचा १९६० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत मोठा बोलबाला झाला; १९६८ साली बीटल्स हृषीकेशला येऊन राहिले. याच पद्धतीचे एक साधक रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी १९७० साली 'सायन्स' या नियतकालिकात निबंध लिहिला. ध्यानाला बसलेल्या १५ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ऑक्सिजनचा खप आणि हृदयाचा वेग कमी झाला, त्वचेचा विद्युत्-रोध वाढला. पुढे हर्बर्ट बेन्सन यांच्याबरोबर केलेल्या कामात ऑक्सिजनचा खप सुमारे १७ टक्के घटल्याचे आले. झोप नाही, जागृती नाही, अशी ही तिसरीच अवस्था आहे असे म्हटले जाऊ लागले.

येथे आपल्या विद्यार्थ्याने कोणता प्रश्न विचारावा? घट कशाच्या तुलनेत? त्याच माणसांच्या ध्यानाआधीच्या नोंदींच्या तुलनेत. म्हणजे नुकताच खुर्चीत बसलेला, अंगावर तारा आणि तोंडावर नळी लावलेला, थोडा धास्तावलेला माणूस एकीकडे, आणि वीस मिनिटे स्वस्थ बसलेला माणूस दुसरीकडे. नुसता आरामात बसला असता तर? कॅन्सस विद्यापीठातील डेव्हिड होम्स यांनी १९८४ साली तोवरचे सारे प्रयोग एकत्र चाळले. ज्या प्रयोगांत ध्यान करणाऱ्यांची तुलना नुसती विश्रांती घेणाऱ्यांशी केली होती, त्यांत शरीराच्या शांत होण्यात फरक दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. यावर मोठा वाद झाला. विरुद्ध निष्कर्ष काढणारी संकलनेही आली. पण विश्रांतीशी तुलना केलीच पाहिजे हे त्यानंतर कोणी नाकारले नाही.

बेन्सन यांचे स्वतःचे मत तोवर बदलले होते. १९७५ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडले की विशिष्ट मंत्राला महत्त्व नाही. एखादा शब्द, अगदी 'एक' हा आकडासुद्धा, श्वासागणिक मनात म्हणावा आणि विचार आले तर त्यांच्याशी न भांडता पुन्हा त्या शब्दावर यावे, एवढे पुरे. आमच्या नामजप करणाऱ्या सरांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आकड्यावर कोणाचे प्रेम बसते का हो?" या आक्षेपाला बेन्सन यांच्या पुस्तकात उत्तर नाही, आणि आमच्याकडेही नव्हते.

या साऱ्यातला आमचा सर्वांत आवडता प्रयोग जोनाथन स्मिथ यांचा, १९७६ सालचा. त्यांनी भावातीत ध्यानाच्या शेजारी एक बनावट पद्धत उभी केली. तिला भारदस्त नाव दिले, ती शिकवण्याचा रीतसर सोपस्कार ठेवला. पण तिच्यात करायचे काय, तर दिवसातून दोनदा डोळे मिटून नुसते बसायचे. शिकणाऱ्यांना मात्र ती खरी, परिणामकारक पद्धत म्हणूनच सांगितली होती. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची चिंता सारखीच उतरलेली होती. मग त्यांनी आणखी गंमत केली. एका गटाला ध्यानासारखी पद्धत दिली आणि दुसऱ्याला तिच्या नेमकी उलट, म्हणजे डोळे मिटून मनात जितके चांगले विचार आणता येतील तितके आणायचे. तरीही दोघांचा फायदा सारखाच.

आता आमच्या प्रश्नपेटीतली ती चिठ्ठी पुन्हा वाचा. 'डोळे मिटून नक्की काय करायचे?' चिंता कमी होण्यापुरते बोलायचे तर स्मिथ यांच्या प्रयोगावरून उत्तर असे निघते की, रोज ठरल्या वेळी बसणे आणि त्यातून बरे वाटेल अशी खात्री असणे यांचाच वाटा मोठा असावा. हे ऐकून श्रद्धाळूंना वाईट वाटते आणि अश्रद्धांना आनंद होतो. आम्हांला दोन्ही घाईचे वाटते. रोज पंधरा मिनिटे कशालाही हात न लावता बसणे ही लहान गोष्ट नाही. आपल्यापैकी कितीजण बसतात?

झोपेच्या चिठ्ठीचेही उत्तर त्याच वर्षी मिळाले होते. १९७६ साली 'सायन्स'मध्येच पॅगॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अनुभवी साधकांचे ईईजी छापले. ध्यानाच्या वेळातला बराच भाग ते चक्क झोपेत होते. डुलकीत नव्हे, चांगल्या गाढ झोपेच्या टप्प्यांतही. तेव्हा मागच्या बाकावर मान कलंडलेल्या मुलाला रागावू नये. अनुभवी माणसांच्या पंक्तीला तो बसला आहे.

मन भटकते तेव्हा

पद्धतींच्या वर्गवारीचा प्रश्न त्यानंतर वेगळ्या अंगाने हाताळला गेला. परंपरेचे नाव सोडून द्यावे आणि साधक लक्षाचे नेमके काय करतो ते पाहावे, असे लुट्झ, डेव्हिडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली सुचवले. एका प्रकारात लक्ष एका जागी बांधायचे; श्वास, नाम, ज्योत काहीही चालेल. दुसऱ्यात काही न निवडता जे जे येईल ते नुसते पाहायचे. एकाच परंपरेत दोन्ही प्रकार असू शकतात. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेल्या सत्यनारायण गोयंका यांच्या शिबिरात पहिले काही दिवस श्वासावर लक्ष बांधतात आणि नंतर सर्वांगावरच्या संवेदना पाहायला शिकवतात. म्हणजे 'श्वास की नाम' हा फरक वाटतो तेवढा मोठा नाही. आमच्या बाई आणि आमचे सर बहुतेक वेळ एकच काम करत असतात.

आणि 'माझे चुकते का' असे विचारणाऱ्या मुलीला? अमेरिकेत एमरी विद्यापीठात वेंडी हॅसनकॅम्प यांनी २०१२ साली १४ साधकांना मेंदूची चित्रे घेणाऱ्या यंत्रात झोपवून श्वासावर लक्ष द्यायला सांगितले. मन भटकल्याचे लक्षात आले की बटण दाबायचे. त्यातून एक फेरा दिसला. मन भटकते, भटकल्याचे कळते, लक्ष परत आणले जाते, ते काही काळ टिकते, पुन्हा भटकते. प्रत्येक टप्प्याला मेंदूचे वेगळे भाग कामाला लागतात. हे सराईत लोक होते, तरी त्यांची बोटे बटणावर वरचेवर जात होती. मन भटकलेच नाही तर परत आणण्याचा सराव होणार कसा? व्यायामशाळेत वजन खाली आल्यावाचून पुन्हा उचलता येत नाही.

याचा उपयोग किती, यावर २०१४ साली ४७ प्रयोगांचे आणि ३,५१५ माणसांचे एक संकलन आले. चिंता, खिन्नता आणि दुखणे यांत मध्यम पुराव्याने थोडी सुधारणा दिसते. पण व्यायाम किंवा अन्य उपचारांपेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा नाही, असे त्यात आढळले. काहींना त्रासही होतो. चिंता वाढते, मन खचते. २०२० सालच्या एका संकलनात हे प्रमाण सुमारे ८ टक्के आले. म्हणून एखादे मूल 'मला डोळे मिटले की भीती वाटते' म्हणाले तर त्याला डोळे उघडून खिडकीबाहेर पाहू द्यावे. ही पळवाट नव्हे. नाकाच्या शेंड्याकडे पाहण्याची मुभा गीतेनेही दिलीच आहे.

शाळांपुरते बोलायचे तर सर्वांत मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. ८० हून अधिक शाळा, ८,००० हून अधिक विद्यार्थी. निम्म्या शाळांत सजगतेचे पाठ, उरलेल्यांत नेहमीचे भावनिक-सामाजिक शिक्षण. २०२२ साली निकाल आला, आणि मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात दोन गटांत फरक नव्हता. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. शिक्षकांचा थकवा मात्र काही काळ कमी झाला. शिक्षकखोलीत हा निकाल वाचला तेव्हा आमच्या पाढेवाल्या सरांनी पहिल्यांदाच या विषयात रस दाखवला.

आपल्याकडेही शासनाच्या मित्र उपक्रमातून अनेक शाळांत आनापान शिकवले गेले आहे. तो चालवणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती एवढीच की विज्ञानाच्या तासाला त्याची परीक्षाही घ्यावी. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. आवडीप्रमाणे गट पाडू नका. ज्यांना बसायला आवडते तेच एका बाजूला जातील. प्रत्येकाने बसण्याआधी स्वतःची नाडी पूर्ण एक मिनिट मोजून लिहावी. एक गट दहा मिनिटे श्वास मोजेल, बुद्धघोषाच्या नियमाने पाच ते दहा. दुसरा नुसता बसेल. नंतर पुन्हा नाडी. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करा, आणि असे दोन आठवडे चालवा. आकडे फळ्यावर लिहिताना नावे नकोत.

आम्ही हे नववीत सुरू केले तेव्हा पहिल्याच दिवशी अडलो. दुसऱ्या गटातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, नुसते बसायचे म्हणजे काय करायचे? मी नुसती बसले की आपोआप श्वासच मोजते." तिला कोणत्या गटात धरायचे हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. सध्या तिच्या नाडीचे आकडे वेगळ्या कागदावर लिहून ठेवतो आहोत.